शेंगेतले कोंब

वेरूळच्या १२ क्रमांकाच्या लेण्यातल्या गिलाव्याचे काही तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली गेले, तेव्हा त्यात मातीबरोबर देठांचे, पानांचे बारीक अवशेष दिसले. पाहणारे दोघे होते. एक भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातले माजी रसायनतज्ज्ञ एम. आर. सिंह आणि दुसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई. हे अवशेष कुठल्या झाडाचे, हे ठरवायचं तर ताडून पाहायला ताजं झाड हवं. ते त्यांनी दिल्लीच्या आसपासच्या भागातून मिळवलं, आणि जालन्याकडून. दोन्ही नमुने जुळले. झाड भांगेचं निघालं. २०१६ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला.

त्या काळच्या कारागिरांनी गिलाव्याच्या मातीत सुमारे दहा टक्के भांग मिसळली होती. तिचे तंतू ओल धरतात, मातीला बांधून ठेवतात आणि किडीला जवळ येऊ देत नाहीत. वेरूळच्या गिलाव्याला कीड लागली नाही, त्याचं श्रेय या दोघांनी भांगेला दिलं. अजिंठ्याची गोष्ट उलट आहे. तिथल्या गिलाव्यातही भाताचं तूस आहे, गवत आहे, तंतू आहेत, पण भांग सापडली नाही. तिथल्या चित्रांपैकी किमान चौथा हिस्सा किडीनं नष्ट केला, असं याच अभ्यासात म्हटलं आहे. गिलाव्यातला वनस्पतींचा अंश किडीनं पोखरला की आत पोकळी होते, आणि वरचं कमळ, वरचा चेहरा रंगासकट निसटतो.

जालन्याहून अजिंठ्याला जायचं तर भोकरदन, सिल्लोड करत जायचं. वाटेत दोन्ही हातांना कापूस, मका, सोयाबीन. लेण्यात शिरल्यावर आपण मान वर करून छतावरची कमळं आणि फळं पाहतो. त्या कमळांच्या मागेही एक शेत आहे, तूस आणि गवत होऊन बसलेलं, हे कुणी दाखवत नाही. मला ते महत्त्वाचं वाटतं. आजचे काही चित्रकार-शिल्पकार जे मुद्दाम करतात, म्हणजे उगवणारी, सुकणारी, बुरशी धरणारी वस्तूच कलेचं साहित्य म्हणून घेतात, त्याची मुळं परदेशी दालनांत शोधायची गरज मराठवाड्याला नाही. ती इथल्या भिंतीत आहेत आणि इथल्या घरांत आहेत. जालन्यात तर जास्तच, कारण उगवणं हा या गावाचा धंदा आहे.

जालन्याला बियाण्यांचं गाव केलं ते बद्रीनारायण बारवाले यांनी. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेला हा तरुण दिल्लीच्या कृषी प्रदर्शनातून ‘पुसा सावनी’ या भेंडीच्या वाणाची ओढ घेऊन आला. १९६४ मध्ये त्यांनी ‘महिको’ची स्थापना केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आज बियाणं कंपन्यांच्या पाट्या जालन्याच्या रस्त्यांवर जितक्या सहज दिसतात, तितक्या राज्यात फार थोड्या ठिकाणी दिसत असतील. २००२ च्या मार्चमध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली, ती महिकोच्याच तीन संकरित वाणांना. बीटी वांगंही महिकोचंच. ऑक्टोबर २००९ मध्ये नियामक समितीनं ते मंजूर केलं आणि ९ फेब्रुवारी २०१० ला तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. एका भाजीवर देशभर जाहीर सुनावण्या झाल्या.

त्याच काळात, १९८० साली ठाण्यात जन्मलेल्या कलावंत प्राजक्ता पोतनीस स्वयंपाकघरातल्या वस्तूंकडे आणि पोपडे सुटलेल्या भिंतींकडे वळल्या होत्या. पुढे त्यांनी फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलेल्या फ्लॉवरच्या गड्ड्याची छायाचित्रं काढली. भाजी, पण पाहताना अणुबाँबच्या ढगाची आठवण व्हावी अशी. २०१४ मध्ये बर्लिनला ‘द किचन डिबेट’ या नावानं त्यांचं प्रदर्शन झालं. भाजी सडू नये म्हणून माणसानं केलेली थंडगार सोय भयाण दिसू शकते, हे त्यांनी दाखवलं. वांग्यावर झालेल्या सुनावण्यांत जी अस्वस्थता शब्दांत मांडली जात होती, तिला जवळची अशी ही चित्रं आहेत, असं मला वाटतं.

संकरित बियाण्याचा एक साधा गुण आहे. त्याच्या पिकातून धरलेलं बी पुढच्या वर्षी पेरलं तर झाडं सारखी येत नाहीत. म्हणून दरवर्षी पिशवी विकत घ्यायची. त्याआधी बी घरात असायचं. गाडग्यात, राखेत कालवून, कडुनिंबाचा पाला घालून बायका ते जपायच्या. सरकी पेरण्याआधी शेणमातीत चोळायचं काम असायचं. पिशवी आली, उत्पादन वाढलं, हे खरंच आहे. तेव्हाची तूट आणि उपासमार ज्यांनी पाहिली त्यांना पिशवीचं मोल सांगावं लागत नाही. पण बी घरातून दुकानात गेलं, तसा त्याच्यावर नजर ठेवण्याचा अधिकारही गेला. उगवण किती होईल ते पिशवीवर छापून येऊ लागलं.

सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण हवी, असा नियम आहे. २०२० च्या जूनमध्ये मराठवाड्यात कित्येक शेतांत सोयाबीन उगवलंच नाही. तक्रारींचा पाऊस पडला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून त्याची दखल घेतली. तेव्हापासून कृषी विभाग पेरणीआधी गावोगाव एक प्रात्यक्षिक आणखी जोरानं करून दाखवतो. ओलं गोणपाट पसरायचं. त्यावर शंभर दाणे, दहा-दहाच्या ओळीत, सारख्या अंतरावर मांडायचे. वरून दुसरं ओलं गोणपाट घालून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. पाणी शिंपडत राहायचं. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उलगडायची आणि मोजायचं.

ती उलगडताना पाहणाऱ्यांचे चेहरे बघावेत. शंभरांतले काही दाणे मुळ्या वळवून उठलेले असतात, काही फुगून तसेच पडलेले, काहींवर पांढरी बुरशी. शंभर जागांच्या त्या चौकटीत उगवणं आणि कुजणं शेजारी शेजारी मांडलेलं असतं, आणि त्यावर घरातल्या वर्षभराच्या पैशाचा हिशेब ठरतो. मोठ्या शहरातल्या दालनात असं गोणपाट कुणी टांगलं तर त्यासमोर लोक थांबून राहतील. इथं त्याच्यासमोर लोक थांबतातच, फक्त ते कलाकृती म्हणून थांबत नाहीत.

नवरात्रातल्या घटाचंही तेच आहे. आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरातलं कुणीतरी शेतात जाऊन काळी माती आणतं. पत्रावळीवर किंवा परडीत ती पसरली जाते. मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट, भोवती गहू, ज्वारी, जवस, हरभरा, मूग, ज्या घरात जी रीत असेल ते. वरून रोज एक माळ: तरवडाची, कारळ्याच्या फुलांची, झेंडूची, विड्याच्या पानांची. नव्या घटातून पाणी आपोआप झिरपत राहतं, म्हणून मातीला वरून फार पाणी घालावं लागत नाही. देवघराचा कोपरा अंधारा, म्हणून कोंब उजेड शोधत भराभर उंच होतात आणि हिरवे न होता पिवळेजर्द राहतात. बायका त्याला सोनं म्हणत नाहीत, पण त्या रंगाचं कौतुक सगळ्या घराला असतं. कुठल्या धान्याचा कोंब दाट आला, कुठलं विरळ राहिलं, यावर म्हातारी माणसं येत्या रब्बीचं बोलतात. जुन्या काळी ही घरच्या बियाण्याची चाचणीच होती. पाणी, माती, कोपरा सगळ्यांना सारखा. फरक पडला तर तो दाण्याचा.

अंबडला मत्स्योदरीच्या डोंगरावर नवरात्रात गर्दी लोटते, तेव्हा खालच्या घराघरांत ही नऊ दिवसांची कामं चालू असतात. दसऱ्याला कोंब उपटतात. देवाला वाहतात, टोपीत, फेट्यात खोवतात, थोरांच्या पाया पडताना हातात देतात. संध्याकाळपर्यंत ते माना टाकतात. उरलेली माती, मुळ्यांचं जाळं, कुजलेले दाणे शेतात किंवा पाण्यात जातात. दिवाळीत शेणाच्या गवळणी होतात, त्यांच्या डोक्यावर झेंडू आणि कारळ्याची फुलं बसतात, आणि वाळल्या की त्यांचं जळण होतं. कुणालाही त्या टिकवून ठेवाव्यात असं वाटत नाही. पुढच्या वर्षी हात पुन्हा करतील, हा भरवसा असतो.

हा भरवसा नसलेल्या जागी काय होतं, ते अमेरिकेतल्या एका कलाकृतीत दिसतं. न्यूयॉर्कच्या कलावंत झोई लेनर्ड यांचे मित्र एड्सनं एकामागून एक जात होते. १९९२ मध्ये डेव्हिड वोय्नारोविच हा त्यांचा जवळचा कलावंत मित्र गेला. त्यानंतर त्यांनी फळं खाल्ल्यावर उरलेल्या साली शिवायला घेतल्या. संत्री, लिंबं, केळी, द्राक्षफळ, अव्होकाडो. साल वाळायची आणि त्या ती सुई-दोऱ्यानं पुन्हा फळाच्या आकारात जोडायच्या. कुठे रंगीत दोरा, कुठे बटण, कुठे चेन. पाच वर्षांत अशी सुमारे तीनशे फळं झाली. आत काही नाही, बाहेर टाके. ‘स्ट्रेंज फ्रूट’ या नावानं ती फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात गेली.

संग्रहालयाचं काम जपण्याचं. क्रिस्टियन शायडमन या जतनतज्ज्ञानं बऱ्याच प्रयोगांनंतर या साली सडणार नाहीत अशी युक्ती शोधून काढली आणि काही साली तशा करूनही दाखवल्या. लेनर्ड यांनी त्या पाहिल्या आणि नको म्हटलं. कलाकृती हळूहळू नाहीशी होत जाणं हाच तिचा अर्थ होता. संग्रहालयानं ते मान्य केलं. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्या साली जमिनीवर पसरून दाखवल्या गेल्या, तेव्हा त्या आणखी काळ्या, आणखी आकसलेल्या होत्या. शोक कुणी थांबवू नये, त्याला त्याच्या वेळेनं विरू द्यावं, यासाठी एका मोठ्या संस्थेनं आपला नियम सोडला. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

जालन्याच्या माणसाला सालींचं हे प्रकरण ऐकवलं तर त्याला मोसंबी आठवेल. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, बदनापूरला तिच्यासाठी संशोधन केंद्र आहे. या भागातलं मोसंबीचं जवळजवळ प्रत्येक झाड दोन झाडांचं असतं: खाली रंगपूर किंवा जंबेरी लिंबाचं खोड, वर मोसंबीचा डोळा भरलेला. पाच-सहा वर्षं लेकरासारखं वाढवल्यावर फळ धरायचं. आंबे बहार घ्यायचा की मृग, हे पाणी ठरवतं, कारण बहारासाठी झाडाला आधी ताण द्यावा लागतो, पाणी तोडावं लागतं. तहानलेलं झाड फुलतं. पण ताण किती दिवसांचा, ते शेतकऱ्याच्या हाती हवं. २०१२-१३ च्या दुष्काळात ते कुणाच्याच हाती उरलं नाही. टँकरनं पाणी घालून काहींनी बागा जगवल्या, बाकीच्यांनी डोळ्यांदेखत शेंडेमर बघितली आणि मग कुऱ्हाड लावली. वीस वर्षांची बाग सरपणाच्या भावानं गेली. खोड तोडल्यावर आतलं लाकूड पिवळसर, घट्ट असतं, आणि चिरलं की लिंबाचा वास येतो.

त्या दुष्काळावर बातम्या आल्या, आकडे आले, अनुदानाच्या याद्या आल्या. त्या बागांचा शोक मात्र कुठल्या कलेत शिरलेला मला दिसला नाही. जिल्ह्यात पोलाद वितळवणारे कारखाने आहेत, बियाण्यांची गोदामं आहेत, रेशीम कोषांची बाजारपेठ आहे. तोडलेल्या बागेचं एक खोड ठेवलेली खोली नाही.

मराठी मुलखाच्या कडेला एका गावानं असं काम उभं केलं आहे. पारडसिंगा. काटोलजवळचं अनसूयामातेचं पारडसिंगा वेगळं. हे मध्य प्रदेशातल्या सौंसर तालुक्यात, २०२३ पर्यंत छिंदवाडा आणि आता पांढुर्णा जिल्ह्यात. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, छिंदवाडा तिकडेच राहिलं, पण सौंसरच्या गावांत मराठी आहे आणि शेतात कापूस, संत्री आहेत. नागपूर आणि बडोद्याला शिल्पकला शिकलेल्या श्वेता भट्टड यांनी इथं ‘ग्राम आर्ट प्रोजेक्ट’ सुरू केला. शेतकरी, विणकर, गावातल्या बाया, बाहेरून येऊन राहिलेले कलावंत असे सगळे मिळून काम करतात. ‘मेक इन इंडिया’ची घोषणा जोरात होती तेव्हा त्यांनी शेतातच पेरणी करून पंतप्रधानांचं भव्य चित्र उगवलं आणि त्यासोबत विनंती केली की भारतात पिकवा. चित्र वरून पाहिलं तरच दिसायचं. जमिनीवर चालणाऱ्याला ते पीक होतं. काही दिवसांनी ते वाढलं, पसरलं, चेहरा बिघडला, मग संपलं.

त्यांच्या राख्या जास्त माहीत आहेत. हातानं कातलेलं सूत, त्यात गुंफलेलं बी. रक्षाबंधन झालं की राखी मातीत पुरायची. सूत कुजतं, बी उगवतं. राख्या गावातल्या बाया करतात, त्या देशभर जातात आणि पैसा गावात येतो. शहरातल्या समीक्षकाला ही हस्तकला वाटू शकते. मला ती आज मराठी मुलखात होणाऱ्या सगळ्यांत धीट कामांपैकी एक वाटते, कारण तिचा शेवट कलावंताच्या हातात नाही. ज्या मनगटावर ती बांधली त्या माणसानं तिला माती दिली नाही, तर ती अपुरी राहते.

अशा कामाला जगात मोठी नावं आहेत. १९८२ मध्ये अ‍ॅग्नेस डीनेस यांनी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये, भराव टाकून केलेल्या कोट्यवधी डॉलरच्या जागेवर, दोन एकर गहू पेरला आणि ऑगस्टमध्ये कापला. त्याच वर्षी जर्मनीतल्या कासेलमध्ये योसेफ बॉइस यांनी ७,००० ओक लावायला घेतले. अमर कंवर यांनी ओडिशातल्या जमिनीच्या लढ्यांवरच्या ‘द सॉव्हरिन फॉरेस्ट’ या कलाकृतीत देशी भाताचं बियाणंच मांडलं. डीनेस यांच्या गव्हाचा प्रश्न जालन्याला अगदी लागू आहे. समृद्धी महामार्ग बदनापूर, जालन्यातून गेला तेव्हा ज्वारी-कापसाच्या रानाला अचानक वेगळीच किंमत आली. जमिनीचं मोल पिकात मोजायचं की फुटात, हा प्रश्न तिथं एका कलाकृतीनं विचारला. इथं तो मोजणीच्या खुंटानं विचारला, आणि भावाभावांनी तो कोर्टात नेला.

पण मराठवाड्याचं स्वतःचं असं एक चित्र आहे, ते कुठल्याच नावाजलेल्या कलाकृतीत नाही. २०१९ च्या दिवाळीत पाऊस थांबेना. सोयाबीन काढून गंजी लावलेल्या, मका खुडलेला, कापूस वेचणीला आलेला. त्या गंजीत आणि उभ्या झाडांवरसुद्धा शेंगेच्या आतच दाण्याला कोंब फुटले. मक्याच्या कणसातून हिरवे धुमारे आले. कापसाच्या बोंडात सरकी उगवली, वरचा कापूस काळा पडला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, नवरात्र बसत होतं त्याच दिवसांत, मराठवाड्यावर पुन्हा तसाच पाऊस कोसळला. नद्या शेतात शिरल्या, कित्येक ठिकाणी वरची मातीच खरडून गेली. घटासाठी माती आणायला गेलेल्यांना काही शेतांत ती उरलेली नव्हती. आणि घरात देवापुढे जे कोंब यावेत म्हणून घरदार वाट पाहत होतं, तेच कोंब रानात शेंगेतून आले तेव्हा वर्षाचं पीक गेलं होतं.

दाण्यानं काही चूक केली नव्हती. ओल मिळाली, ऊब मिळाली, तो उगवला. गोणपाटात हेच झालं असतं तर ७० टक्क्यांच्या वर गेलं म्हणून आनंद झाला असता. वाढ आणि नासाडी यांना आपण दोन टोकांना ठेवतो. इथं ती एकाच कोंबात आहे, एका आठवड्याच्या फरकानं. वाढ-कुजण्यावर काम करणाऱ्या कुठल्याही कलावंतानं याहून अवघड वस्तू हातात घेतलेली नसेल.

आणि या वस्तूची चित्रं काढून झालेली आहेत. पीकविम्याच्या नियमात नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळवावं लागायचं, आणि ते अ‍ॅपवर फोटोसह करता यायचं. २०२३ मध्ये एक रुपयात विमा सुरू झाल्यावर अर्जांची संख्या खूप वाढली. २०२५ च्या खरिपापासून राज्यानं हे निकष बदलले आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर आली. पण त्याआधीच्या हंगामांत मराठवाड्यातल्या असंख्य शेतकऱ्यांनी चिखलात उभं राहून, एका हातात फुटलेली शेंग आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरून, फोटो काढले. अंगठ्याच्या नखात माती. मागे पाणी भरलेली सरी. शेंग उकललेली, आत पांढरा वळलेला कोंब. फोटो नीट यावा म्हणून शेंग आकाशाकडे धरलेली, कारण उजेड तिकडे होता. हे सगळं भरपाईसाठी, एका नोंद क्रमांकासाठी. हजारो माणसांनी, आपण चित्र काढतो आहोत हे मनात न आणता, एकाच विषयाची चित्रं काढली.

ते फोटो कंपन्यांच्या आणि सरकारच्या साठवणीत आहेत. कित्येकांच्या मोबाईलमध्येही अजून आहेत, लग्नाच्या आणि बारशाच्या फोटोंच्या मध्ये. ते कुणी मागितले नाहीत. चित्रकला महाविद्यालयातल्या मुलांनी, छायाचित्रकारांनी, मराठवाडा विद्यापीठातल्या कुणी वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यानं गावात जाऊन ते मागावेत, असं मी मनापासून सुचवतो. माणसाची परवानगी घ्यावी, नाव नको असेल तर गाळावं; तारीख, पीक आणि गाव लिहावं. पेरलेल्या वाणाचं नाव पिशवीवरून मिळालं तर तेही. घनसावंगी, मंठा, परतूर, जाफराबाद, भोकरदन, आठही तालुक्यांत फिरावं लागेल. फोटोंखाली टेबलावर त्याच हंगामातली खरी शेंग ठेवावी आणि ती काचेत घालू नये. प्रदर्शन चालेल तेवढ्या दिवसांत तिला जे व्हायचं ते होऊ द्यावं. जागेची अडचण नाही. बाजार समितीच्या आवारात मोठमोठे शेड आहेत, तिथं धान्याची रास पाहायला शेतकरी येतोच, आणि आडत बंद असते त्या दिवशी ते मोकळे असतात.